मामूंचा अंगठा आणि रिपोर्टवरचा ठळक आकडा

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन रिपोर्ट येऊन पडले. पहिला माझ्या मावसभावाचा, खालाच्या धाकट्याचा. वय २७, पुण्यात नोकरी, कंपनीने करून दिलेलं 'फुल बॉडी' पॅकेज. त्या लांबलचक रिपोर्टमध्ये एकच आकडा ठळक अक्षरांत होता: युरिक ॲसिड ७.८. दुसरा रिपोर्ट मिरजेच्या मामूंचा. वय ५६, धंदा टेलरिंगचा. त्यांचं युरिक ॲसिड ९.६ होतं, आणि त्याच कागदावर जरा खाली क्रिएटिनिन २.१.

धावपळ झाली ती पहिल्या रिपोर्टवरून. "किडनीवर जातं ते", "हार्टच्या नळ्या खराब करतं", "आत्ताच काळजी घे बेटा" असे मेसेज दोन दिवस येत राहिले. कुणी ओव्याचं पाणी सांगितलं, कुणी लिंबू. तिसऱ्या दिवशी तो एका डॉक्टरांकडे गेला आणि फेबुक्सोस्टॅटची गोळी आणि परहेजाचा छापील कागद घेऊन आला. डाळ बंद, पालक बंद, फ्लॉवर, राजमा, टोमॅटो, मटण, मासे सगळं बंद. खाला महिनाभर त्याला दुधी आणि भात पाठवत होती. त्याला आजवर एकही सांधा दुखलेला नाही.

मामूंच्या रिपोर्टखाली दोन जणांनी हात जोडल्याची खूण टाकली आणि विषय संपला.

मामूंचा उजव्या पायाचा अंगठा गेली आठ वर्षं दर दोन-चार महिन्यांनी रात्री अचानक सुजतो. लाल होतो, तापतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. टेलरचा पाय मशीनच्या पायट्यावर असतो. पाय बंद तर धंदा बंद. मग मामू काय करायचे? कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकची तीन दिवसांची गोळी. फारच दुखलं तर कमरेत इंजेक्शन. चौथ्या दिवशी पुन्हा मशीनवर. ईदच्या आधीच्या महिन्यात तर ते गोळी दुखायच्या आधीच घेत, कारण त्या महिन्यात अंगठा दुखून चालण्यासारखा नव्हता.

या दोन रिपोर्टांमध्ये मला आपल्या समाजातला, खरं तर सगळ्याच समाजातला, युरिक ॲसिडचा घोळ दिसतो. ज्याला गोळीची गरज नव्हती त्याला ती पहिल्या भेटीत मिळाली. ज्याला ती आठ वर्षांपूर्वी मिळायला हवी होती त्याला कुणी दिली नाही. आणि ज्या किडनीच्या नावाने ग्रुपवर घाबरगुंडी उडाली होती ती किडनी बिघडत होती मामूंची, बऱ्याच अंशी वेदनाशामक गोळ्यांनी.

आधी हे युरिक ॲसिड म्हणजे काय ते पाहू. आपल्या पेशी रोज जुन्या होतात, मोडतात. त्यांच्यातल्या जनुकीय द्रव्यात प्युरिन नावाचे घटक असतात. ते मोडले की शेवटी युरिक ॲसिड उरतं. थोडं प्युरिन खाण्यातूनही येतं, पण जास्त भाग शरीर स्वतःच तयार करतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे या युरिक ॲसिडला आणखी मोडून सहज विरघळणारा पदार्थ करणारं एक एन्झाइम असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं. म्हणून आपल्या रक्तात युरिक ॲसिड कुत्र्या-मांजरांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश लघवीवाटे जातं, बाकीचं आतड्यातून. रक्तात ते एका डेसीलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेलं राहतं. त्याच्या वर गेलं की सुईसारखे बारीक स्फटिक जमू शकतात. ते सांध्यात जमले आणि शरीराने त्यांच्यावर हल्ला चढवला की गाऊट. अंगठा पहिला बळी, कारण पायाची टोकं थंड असतात आणि थंडीत स्फटिक लवकर जमतात.

'जमू शकतात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आकडा ७ च्या वर असलेल्या बहुतेकांना गाऊट होत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलंय की ज्यांचा आकडा ९ च्याही वर आहे, त्यांच्यातल्याही साधारण २० टक्के लोकांनाच पुढच्या पाच वर्षांत गाऊट झाला. ७.८ वाल्या माझ्या भावाची गोष्ट तर त्याहून कितीतरी अलीकडची.

आपल्या बोलण्यात मात्र हा फरक कधीच पुसला गेलाय. "त्याला युरिक ॲसिड झालंय" असं आपण म्हणतो, जसं "त्याला शुगर झालीय". गुडघा दुखला, युरिक ॲसिड. टाच दुखली, युरिक ॲसिड. अहो, ते प्रत्येकाच्या रक्तात आहे. 'होत' नाही ते.

आता किडनीचं. युरिक ॲसिड वाढलेलं आणि किडनी बिघडलेली, अशी जोडी डॉक्टरांना रोज दिसते. प्रश्न इतकाच की कोणामुळे कोण? किडनी दमली की ती युरिक ॲसिड कमी बाहेर टाकते, म्हणजे आकडा आपोआप चढतो. मग चढलेला आकडा हा गुन्हेगार की घटनास्थळी सापडलेला साक्षीदार?

याचं आपल्या मातीतलं एक भयंकर उदाहरण आहे, माणसांचं नव्हे, गिधाडांचं. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं पटापट मरायला लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर १५ वर्षांत हजारात एक इतकीच उरली. मेलेली गिधाडं उघडून पाहिली तेव्हा त्यांच्या काळजावर, हृदयावर, किडनीवर खडूसारखा पांढरा थर होता. तो थर युरिक ॲसिडचा होता. आता कुणी म्हटलं असतं, गिधाडं मांस खातात, म्हणून युरिक ॲसिड वाढलं, म्हणून मेली. पण गिधाडं हजारो वर्षं मांसच खात आली आहेत. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून खरं कारण बाहेर आलं: डायक्लोफेनॅक. दुखणाऱ्या गुराला ते टोचलं जायचं, गुरू मरायचं, गिधाड ते खायचं, आणि त्या औषधाने गिधाडाची किडनी बंद पडायची. किडनी बंद, म्हणून युरिक ॲसिड अंगभर साचलेलं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली.

माणसाची किडनी गिधाडासारखी दोन दिवसांत कोसळत नाही. पण ही औषधं माणसाच्याही किडनीत येणारा रक्तपुरवठा आवळतात. कधीमधी घेतली आणि प्रकृती ठणठणीत असली तर निभावून जातं. वर्षानुवर्षं घेतली, त्यात ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत असली, त्यात उन्हाळा आणि कमी पाणी, तर किडनीचा जीव जातो. मामूंना ब्लडप्रेशरची गोळी सहा वर्षांपासून होती. मेडिकलवाल्याला ते माहीत नव्हतं, ब्लडप्रेशरच्या डॉक्टरांना अंगठ्याच्या गोळ्या माहीत नव्हत्या. मामूंना दोन्ही माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही.

युरिक ॲसिड रक्तवाहिन्या आणि किडनी खराब करतं ही शंका मात्र हवेतली नाही. ती फार जुनी आहे, आणि ती मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक नाव असं आहे की ते वाचून तुम्ही थबकाल: फ्रेडरिक अकबर महोमेद. हा १८४९ साली इंग्लंडच्या ब्रायटनमध्ये जन्मला. त्याचे आजोबा शेख दीन महोमेद पाटण्याचे. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी पद्धतीचं खाणावळवजा कॉफी हाऊस काढलं आणि पुढे ब्रायटनमध्ये 'चंपी'चे हमाम चालवून नाव कमावलं. इंग्रजीतला 'शॅम्पू' हा शब्द तिथे घरोघरी पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. नातू डॉक्टर झाला, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये. आजच्यासारखा दंडाला बांधायचा पट्टा तेव्हा निघाला नव्हता. त्याने मनगटाच्या नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारलं आणि शेकडो लोकांच्या नाड्या तपासल्या. त्याला काय दिसलं? काही लोकांचा रक्तदाब जास्त असतो, पण किडनीचा आजार अजून झालेलाच नसतो. तोवर डॉक्टर समजत होते की किडनी बिघडते म्हणून दाब वाढतो. या तरुणाने सांगितलं, दाब आधीही येतो, किडनी नंतर जाते. आणि हा दाब वाढवणारं रक्तातलं विष कुठलं, याचा विचार करताना त्याने युरिक ॲसिडकडेही बोट दाखवलं. १८८४ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, टायफॉइडने तो गेला.

त्याची पहिली गोष्ट आज निर्विवाद मानली जाते. दुसरी, म्हणजे युरिक ॲसिडची, अजून कोर्टात आहे म्हणा.

अधल्यामधल्या काळात तिचं खूळही झालं होतं. अलेक्झांडर हेग नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १८९२ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहून डोकेदुखीपासून उदासीनतेपर्यंत जवळपास सगळ्याचा दोष युरिक ॲसिडवर टाकला, आणि मांस, मासे, डाळी, चहा, कॉफी सगळं सोडायला सांगितलं. खालाच्या हातात आलेला परहेजाचा कागद मी पाहिला तेव्हा मला तोच आठवला.

गेल्या २५ वर्षांत हा खटला पुन्हा उभा राहिला. २००१ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. औषध देऊन त्यांचं युरिक ॲसिड वाढवलं तर त्यांचा रक्तदाब वाढला, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड झाल्या. २००८ मध्ये अमेरिकेत नुकताच रक्तदाब सुरू झालेल्या ३० किशोरवयीन मुलांना ॲलोप्युरिनॉल दिलं, तर ३० पैकी २० जणांचा दाब नॉर्मल झाला. नुसती खोटी गोळी घेताना फक्त एकाचा झाला होता. कुणालाही वाटेल की झालं, सापडलं. आजही यूट्यूबवर जे व्हिडिओ फिरतात ते इथेच थांबतात. पुढचा भाग कुणी सांगत नाही.

पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे अशा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३६९ लोकांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला ॲलोप्युरिनॉल, दुसऱ्याला खोटी गोळी. २०२० मध्ये निकाल छापून आला. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे सुनील बडवे यांचं. दोन वर्षांनी युरिक ॲसिड औषधाच्या गटात स्पष्ट खाली होतं, पण किडनीची घसरण? वर्षाला औषधवाल्यांची ३.३३ आणि खोट्या गोळीवाल्यांची ३.२३. म्हणजे काहीच फरक नाही. त्याच वर्षी टाइप १ मधुमेह असलेल्या ५३० लोकांवरची दुसरी चाचणी आली. तीन वर्षं औषध. युरिक ॲसिड ६.१ वरून ३.९ वर. शेवटी दोन्ही गटांच्या किडनीची गाळण्याची ताकद मोजली, तर दोन्हीकडे ६८. दशांशापर्यंत सारखी.

हृदयाचं आणि मोठ्या रक्तवाहिन्यांचं? ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या, गाऊट नसलेल्या, साठीपुढच्या ५,७२१ लोकांचा जवळपास पाच वर्षं पाठपुरावा केला. हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू: ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांत ११ टक्के, न घेणाऱ्यांत ११.३ टक्के. २०२२ चा निकाल. तरुणांचं काय, असा प्रश्न तुम्ही विचारालच. अमेरिकेत १८ ते ४० वयाच्या सुमारे शंभर जणांवरही प्रयोग झाला. रक्तवाहिनीचं लवचीकपणे रुंदावणं थोडं सुधारलं, पण रक्तदाब कमी झाला नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. जपानमध्ये डॉक्टर लक्षणं नसतानाही आकडा फार वर गेला, सोबत किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असला, की औषध देतात. तिथल्या २०१९ च्या एका चाचणीत फेबुक्सोस्टॅट घेणाऱ्या वृद्धांमध्ये एकूण त्रास थोडे कमी दिसले, पण तो फरक मुख्यतः लघवीतल्या प्रोटीनसारख्या खुणांचा होता. हार्ट अटॅक किंवा मृत्यूचा नव्हे. त्यामुळे काही विशिष्ट रुग्णांना फायदा होत असेल, हे दार पुरतं बंद झालेलं नाही. पण किडनीच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०२४ मध्ये लिहिलंय की लक्षणं नसताना केवळ किडनी वाचवायची म्हणून युरिक ॲसिड उतरवायचं औषध देऊ नका. माझं मत मी त्याच बाजूला टाकतो. सत्तावीस वर्षांच्या, काहीही न दुखणाऱ्या मुलाला केवळ कागदावरच्या ठळक अक्षरासाठी बेमुदत गोळी सुरू करणं मला चुकीचं वाटतं. आणि ती गोळी बिनधोक आहे असंही नाही. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत फेबुक्सोस्टॅट घेणाऱ्या गाऊटच्या रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त दिसले. दोन वर्षांनी युरोपातल्या दुसऱ्या चाचणीत तसं दिसलं नाही, हे खरं. तरीही गरज नसेल तर हा वाद अंगावर घ्यायचा कशाला?

ज्याला गाऊट आहे त्याची गोष्ट अगदी वेगळी. तिथे माझा आग्रह उलट्या बाजूने आहे, आणि जास्त जोराचा आहे. वर्षातून दोन किंवा जास्त वेळा अंगठा सुजत असेल, सांध्याजवळ खडूसारख्या गाठी आल्या असतील, किडनी कमजोर असताना गाऊट झाला असेल, तर युरिक ॲसिड उतरवायचं औषध हवंच, आणि तेही आकडा ६ च्या खाली येईपर्यंत. ॲलोप्युरिनॉल १९६० च्या दशकापासून वापरात आहे. ते तयार करणाऱ्या संशोधकांत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज होते, ज्यांना पुढे १९८८ चं नोबेल मिळालं. १०० मिलिग्रॅमपासून, किडनी नाजूक असेल तर त्याहूनही कमीपासून सुरुवात करतात आणि रक्त तपासत हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ आलं तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठायचा, कारण क्वचित ती रिॲक्शन जिवावर बेतते.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर माणूस पळतो. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अंगठा जास्तच दुखू शकतो. जुने स्फटिक विरघळायला लागले की ते हलतात, आणि शरीर पुन्हा त्यांच्यावर तुटून पडतं. म्हणून सुरुवातीचे तीन-सहा महिने सोबत कोल्चिसिनची लहान मात्रा देतात. मामूंना चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल दिलं होतं, हे आम्हाला परवा कळलं. दहाव्या दिवशी अंगठा सुजला, मामू म्हणाले, "ही गोळी मला सोसत नाही," आणि सोडून दिली. असं होईल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कोल्चिसिनचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. आपल्यातल्या ज्यांच्या घरी युनानी दवा यायचा त्यांना 'सुरंजान' हा शब्द ओळखीचा असेल. निक्रिस म्हणजे गाऊटवर हकीम शेकडो वर्षं ती देत आले. त्याच जातीच्या झाडाच्या कंदातून १८२० मध्ये कोल्चिसिन वेगळं काढलं गेलं. म्हणजे बुजुर्ग अगदीच अंधारात नव्हते. पण औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे फार थोडं आहे. किडनी कमजोर असेल किंवा सोबत काही अँटिबायोटिक्स चालू असतील तर ते आणखी कमी होतं. बाजारातून पुडी आणून अंदाजाने घ्यायची ही वस्तू नव्हे.

मटणाचं बोलायलाच हवं. मामूंच्या आठ वर्षांत त्यांना जो एकच सल्ला प्रत्येक दवाखान्यात मिळाला तो हा: "तुमच्यात मटण फार, ते बंद करा." मामू घरी येऊन गप्प बसायचे, कारण त्यांना वाटायचं, चूक आपलीच आहे. महिन्यातून दोन-तीनदा मटण खाणारा माणूस हा. सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या ४७ हजारांहून जास्त पुरुषांचा १२ वर्षं अभ्यास झाला, २००४ मध्ये तो छापून आला. जास्त मांस आणि मासे खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. कलेजी, गुर्दे, भेजा यांत प्युरिन सगळ्यात जास्त, त्यामुळे गाऊट असलेल्याने बकरी ईदच्या दिवशी तरी हात आवरावा. पण त्याच अभ्यासात डाळी, पालक, फ्लॉवर, मशरूम खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला नाही. दूध-दह्याने तर तो कमी झाला. म्हणजे खालाने बंद केलेली तूरडाळ निर्दोष होती, आणि ऑफिसच्या फ्रिजमधून रोज निघणारं कोल्ड्रिंक, ज्यातली साखर यकृतात जाऊन युरिक ॲसिड तयार करते, त्याचं त्या कागदावर नावच नव्हतं. २००८ च्या अभ्यासात गोड कोल्ड्रिंकचा आणि गाऊटचा संबंध स्पष्ट दिसला होता. इफ्तारच्या दस्तरख्वानावरच्या शरबतांच्या ग्लासांनाही हेच लागू.

आणि हे सगळं धरूनही, एका माणसाचा आकडा दुसऱ्यापेक्षा वेगळा का, याचं उत्तर ताटात फारसं सापडत नाही. २०१८ मध्ये हजारो लोकांची तुलना करून संशोधकांनी मांडलं की आहाराने हा फरक अर्धा टक्कासुद्धा समजावता येत नाही, आणि आनुवंशिक घटकांनी जवळपास २४ टक्के समजावता येतो. माझ्या ओळखीत पिढ्यान्‌पिढ्या कांदाही न खाणाऱ्या घरातला एक गाऊटवाला मित्र आहे. त्याला कुणी "तुमच्यात..." अशी सुरुवात करून सल्ला देत नाही. आपल्याला मिळतो, आणि आपण तो मुकाट ऐकतो, हे मला जास्त खुपतं. कारण त्या वाक्याने डॉक्टरांचं काम संपतं आणि रुग्णाची शरम सुरू होते. औषध राहून जातं.

रमजानचं थोडक्यात. दिवसभर पाणी नाही, त्यात कडक ऊन, तर युरिक ॲसिड तात्पुरतं चढू शकतं. गाऊट आटोक्यात असेल, गोळी नियमित असेल तर बहुतेकांना अडचण येत नाही, रात्री पाणी नीट प्यायलं की झालं. किडनी मामूंसारखी खालावलेली असेल तर रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आलं. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे, ही गोष्ट आपले बुजुर्ग दुसऱ्यांना सांगतात आणि स्वतःवर वेळ आली की विसरतात.

आणखी एक वाट आहे जिथून आकडा चढतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ब्लडप्रेशरच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'एच' हे अक्षर असतं त्यांच्यातल्या अनेकींत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते युरिक ॲसिड वाढवतं. रोजची लहान ॲस्पिरिनही थोडं वाढवते. मग वाढलेला आकडा उतरवायला तिसरी गोळी. अशा वेळी गोळी मनानेच बंद करू नका, ब्लडप्रेशर मोकाट सुटेल. डॉक्टरांना सरळ विचारा, बदलून मिळेल का? लोसार्टनसारखी दाबाची गोळी तर युरिक ॲसिड उलट थोडं उतरवते.

आता परत माझ्या भावाकडे. मी त्याला विचारलं, तुझ्या ऐंशी तपासण्यांमध्ये ब्लडप्रेशर किती आलं? तो म्हणाला, ते त्यात नव्हतं. रक्त घ्यायला आलेला मुलगा घरी येऊन नळ्या भरून गेला होता. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणीही नव्हती. किडनी आणि रक्तवाहिन्यांचं खरं भविष्य सांगणारी ही दोन मापं. एकाला दंडाला बांधायचा पट्टा लागतो आणि दुसऱ्याला सकाळची थोडीशी लघवी. त्यांच्यासोबत साखर आणि क्रिएटिनिन पाहिलं की चित्र बऱ्यापैकी पुरं होतं. खालूंना, म्हणजे त्याच्या वडिलांना, ४८व्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला होता. त्यांचाही दाब त्याआधी कुणी मोजला नव्हता. तरी त्या घरात महिनाभर चर्चा चालली ती टोमॅटोची.

आम्ही मशीन आणलं. पहिल्यांदा १५२ वर ९८ आलं. त्याला वाटलं मशीन खराब आहे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं, सरासरी १४६ वर ९४ राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी फेबुक्सोस्टॅट थांबवलं, लघवी तपासली, मीठ, वजन आणि कोल्ड्रिंक यांच्याबद्दल अर्धा तास बोलले आणि लोसार्टन सुरू केलं. सहा महिन्यांनी दाब १२६ वर ८२ आहे. युरिक ॲसिड कुणी मुद्दाम उतरवलं नाही, तरी ६.९ आलं. तो रिपोर्ट त्याने ग्रुपवर टाकलाच नाही.

मामूंना आता सांगलीच्या एका किडनीच्या डॉक्टरांनी हाताशी घेतलंय. वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद. अंगठा सुजला तर काय घ्यायचं आणि किती, ते एका कागदावर लिहून मशीनच्या वर भिंतीला चिकटवलंय, म्हणजे मेडिकलवाल्यालाही दाखवता येतं. ॲलोप्युरिनॉल हळूहळू वाढवत ३०० वर आलं, युरिक ॲसिड ५.४ आहे. दुसऱ्या महिन्यात अंगठा जोरात सुजला, पण या वेळी त्यांना आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे त्यांनी गोळी सोडली नाही. गेले सात महिने अंगठा शांत आहे. क्रिएटिनिन मात्र १.९ वर अडकलंय. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते गेलं, आता आहे तेवढं सांभाळू. परवा मी मिरजेला गेलो तेव्हा मामू शाळेचे युनिफॉर्म शिवत होते. मशीनच्या खणात पूर्वी गोळ्यांची पाकिटं असायची. मी न विचारता त्यांनीच खण उघडून दाखवला.